दम्याची मुले आणि खेळाचा तास

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचा तास म्हणजे केवळ मोकळा वेळ नव्हे, हे आपण सर्व शिक्षक जाणतो. मुलाचे शरीर ह्या तासाला घडते आणि चार जणांत मिळून मिसळून वागण्याचे वळणही त्यास ह्याच तासाला लागते. तथापि शाळा तपासणीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. वर्ग मैदानावर खेळत असतो आणि एखादे मूल ओट्यावर इतरांच्या चपला व दप्तरे सांभाळीत बसलेले असते. चौकशी केली असता उत्तर मिळते, “साहेब, त्यास दमा आहे. धावला की धाप लागते, म्हणून बसवून ठेवतो.”

ह्या उत्तरामागे निष्काळजीपणा नसतो, काळजीच असते. परंतु त्या काळजीने मुलाचे हित साधते काय, ह्याचा विचार झाला पाहिजे. दम्याच्या मुलाने खेळावे, आणि ते पूर्वतयारीने व सावधपणे खेळावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. ह्यातील पहिला भाग सोडला तर मूल दुबळे होते. दुसरा सोडला तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दोहोंची माहिती शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

१. दमा म्हणजे काय

नाकातोंडातून घेतलेली हवा श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. ही नलिका पुढे झाडाच्या फांद्यांप्रमाणे लहान लहान नलिकांत विभागत जाते. दम्याच्या रुग्णात ह्या लहान नलिकांना आतून सूज असते व त्या अतिशय हळव्या झालेल्या असतात. धूळ, धूर, परागकण, सर्दी, थंड हवा अशा एखाद्या कारणाने त्या चाळवल्या की तीन गोष्टी घडतात. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ सुटतो. वाट अरुंद झाल्यामुळे हवा आतबाहेर करणे कठीण होते. विशेषतः श्वास बाहेर सोडताना कष्ट पडतात, आणि छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज येतो.

हा रोग नवा नाही. आयुर्वेदातील चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार वर्णिले असून त्यांतील तमकश्वासाचे वर्णन दम्याशी जुळते. हा रोग संसर्गाने पसरत नाही. म्हणून अशा मुलास बाकावर वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही.

दम्याचे एक लक्षण शिक्षकास चकविणारे आहे. दोन वेगांच्या मधल्या काळात मूल अगदी चांगले दिसते. सकाळी हसत खेळत आलेले मूल दुपारी धापा टाकू लागले की ते सोंग करीत आहे असा ग्रह होतो. तो चुकीचा आहे. वेगाने येणे आणि ओसरणे हा ह्या रोगाचा स्वभावच आहे.

२. धावल्यावर धाप का लागते

स्वस्थ बसलेले मूल नाकाने श्वास घेते. नाकातून जाताना हवा गाळली जाते, कोमट होते व ओलसर होते. मूल जोराने धावू लागले की त्यास कित्येक पट अधिक हवा लागते व ते तोंडाने श्वास घेऊ लागते. थंड, कोरडी हवा तशीच्या तशी आत जाऊन नलिकांचा ओलावा शोषून घेते. निरोगी नलिका हे सहन करतात. दम्याच्या हळव्या नलिका आवळतात. म्हणजे पायांच्या श्रमापेक्षा कोरड्या व थंड हवेचा मारा हेच येथे मुख्य कारण असते. हे एकदा ध्यानात आले की पुढील सर्व उपायांचा अर्थ आपोआप उलगडतो.

साधी धाप व दम्याची धाप ह्यांत शिक्षकाने फरक करावयास शिकले पाहिजे. धावल्यामुळे लागलेली साधी धाप थांबल्यावर थोड्याच मिनिटांत उतरू लागते. दम्याची धाप पुष्कळदा थांबल्यावर वाढते. सलग पाच-आठ मिनिटांच्या जोराच्या श्रमानंतर ती सुरू होते, खेळ थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत तिचा जोर सर्वांत अधिक असतो आणि सामान्यतः अर्ध्या ते एका तासात ती ओसरते. ह्याचा अर्थ असा की, मूल मैदानावर ठीक दिसेल आणि पुढच्या गणिताच्या तासाला खोकू लागेल. म्हणून खेळाच्या तासाइतकेच लक्ष त्याच्या पुढच्या तासावर ठेवावे. खेळानंतर नेमाने येणारा कोरडा खोकला, छाती आवळल्याची तक्रार, बोलताना वाक्य तुटणे, ह्या खुणा दिसल्यास त्या वहीत टिपून ठेवाव्या. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु मूल रोज पाच-सहा तास ज्याच्या नजरेसमोर असते, त्या शिक्षकाची टिपणे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

३. बसवून ठेवल्याने काय होते

हालचाल बंद झाली की स्नायू व हृदय ह्यांची ताकद कमी होते. मग थोडे चालल्यानेही धाप लागते. धाप लागते म्हणून मूल आणखी हालचाल टाळते आणि अधिकच दुबळे होते. ह्या फेऱ्यात सापडलेल्या मुलाच्या मनात भीती बसते. “तुला जमणार नाही” हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकून ते त्यास खरे वाटू लागते. सवंगड्यांचा चिडविण्याचा विषय ते होते, ते निराळेच.

ह्याविरुद्ध पुरावा स्पष्ट आहे. कॉक्रेन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली आठ वर्षे व त्यापुढील वयाच्या दमेकऱ्यांवरील २१ अभ्यास एकत्र पडताळून पाहिले. नियमित व्यायाम रुग्णांना चांगला सोसतो, त्याने दमा बळावत नाही आणि हृदय व फुप्फुसांची कार्यक्षमता वाढते, असे त्यांतून दिसून आले. व्यायामाने दमा बरा होतो असे मात्र नाही. तेच श्रम कमी धापेत करण्याची शक्ती येते. १९८४ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी निवडलेल्या अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना श्रमाने येणारा दमा होता. त्या ६७ जणांनी ४१ पदके मिळविली. १९८८ व १९९२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सात क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी जॅकी जॉयनर-कर्सी आणि २००३ साली मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावणारी पॉला रॅडक्लिफ, ह्या दोघींनाही दमा होता. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने पदक आणावे असा ह्याचा अर्थ नव्हे. दमा हा मैदानाबाहेर बसविण्याचा हुकूम नव्हे, एवढेच ह्यावरून घ्यावयाचे.

एका द्विशिक्षकी शाळेतील चौथीची मुलगी सतत दोन वर्षे गुणलेखक होती. तिचे अक्षर चांगले, म्हणून कोणास त्यात वावगे वाटत नसे. नव्या बाईंनी पालकांना भेटून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास सांगितले, औषध नियमित सुरू करविले आणि पहिला महिनाभर तिला केवळ वर्गाबरोबर चालण्यास व लेझीम खेळण्यास घेतले. वर्ष संपण्यापूर्वी ती खो-खोच्या चौकात बसू लागली. तिच्या गुणपत्रिकेत ह्याची नोंद कोठे नाही. परंतु ती शाळेत नियमित येऊ लागली, ही नोंद हजेरीपटात आहे.

४. खेळापूर्वीची तयारी

पहिली तयारी माहितीची. वर्षारंभी प्रत्येक वर्गशिक्षकाने दम्याच्या मुलांची यादी करावी व पालकांना चार प्रश्न विचारावे. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा अधिक दिवस त्रास झाला काय? रात्री खोकल्याने किंवा धापेने जाग आली काय? तात्काळ आराम देणारे औषध आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागले काय? दम्यामुळे खेळणे किंवा चालणे टाळावे लागले काय? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास दमा पुरता आटोक्यात नाही असे समजून मुलास डॉक्टरांकडे पाठवावे व तोपर्यंत हलकेच श्रम द्यावे.

दुसरी तयारी औषधाची. दम्याचे औषध मुख्यत्वे श्वासातून दिले जाते. त्या उपकरणास आपल्याकडे ‘पंप’ म्हणतात. त्यात दोन जाती आहेत. एक, नलिका तात्काळ मोकळ्या करणारे, उदाहरणार्थ साल्ब्युटामॉल. दुसरे, सूज कमी ठेवणारे व रोज घ्यावयाचे, उदाहरणार्थ अल्प मात्रेतील स्टिरॉइड. धाप लागल्यावर कोणते द्यावयाचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे; पंपाच्या रंगावर विसंबू नये, नाव वाचावे. काही मुलांना खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे औषध घेण्यास डॉक्टर सांगतात. तसे लिहून दिले असेल तरच ते द्यावे. पालकांची लेखी संमती शाळेत ठेवावी. आणि एक गोष्ट विसरू नये: पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपात असेल तर त्याचा उपयोग नाही. तो मुलाजवळ किंवा मैदानावरील शिक्षकाच्या पिशवीत असला पाहिजे. मुदत संपली नाही व औषध शिल्लक आहे, हे महिन्यातून एकदा पाहावे.

तिसरी तयारी शरीराची. एकदम धावावयास लावू नये. दहा ते पंधरा मिनिटे शरीर तापू द्यावे. प्रथम चालणे, मग संथ धावणे, हातापायांचे व्यायाम आणि शेवटी मध्ये विसावा घेत काही सेकंदांच्या चार-पाच लहान धावा. अशा तयारीनंतर पुष्कळ मुलांच्या नलिका काही काळ कमी आवळतात असे आढळले आहे. ही तयारी संपूर्ण वर्गाकडून करवून घ्यावी. तिने इतर मुलांचेही दुखापतीपासून रक्षण होते आणि दम्याचे मूल वेगळे पडत नाही. तासाच्या शेवटी पाच मिनिटे संथ चालवून मगच वर्गात न्यावे.

५. कोणते खेळ, कोणत्या रीतीने

थोडा वेळ जोर व मग विसावा असे ज्यांचे स्वरूप आहे ते खेळ ह्या मुलांस मानवतात. सुदैवाने आपले बहुतेक देशी खेळ ह्याच घडणीचे आहेत.

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी बसलेले असतात व एकच धावतो. दम्याच्या मुलास प्रथम ह्या बाजूस घ्यावे व “दोन पावलांत खो दे” असे शिकवावे. लवकर खो देणे हे डावपेच म्हणूनही चांगले असते, त्यामुळे त्यास कमीपणा वाटत नाही. सलग पळावे लागणारी बचावाची बाजू पुढे सवय झाल्यावर द्यावी. कबड्डीत चढाई करणाऱ्यास एका दमात शब्दोच्चार करावा लागतो. सरावाच्या वेळी ह्या मुलास दमाची अट सैल करावी व चढाया थोडक्या ठेवाव्या. बचावात साखळी धरून उभे राहणे त्यास सहज जमते. लंगडीचे डाव आखूड ठेवावे. लगोरी, विटीदांडू, गोळाफेक, लांब उडी ह्यांत श्रम क्षणिक असतात. लेझीम व सूर्यनमस्कार संथ गतीने सुरू करून हळूहळू वाढविता येतात. पाण्यालगतची हवा ओलसर असल्याने पोहणेही बहुतेकांस सोसते; मात्र ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे.

सर्वांत जड जाते ते थंड हवेत सलग लांब पल्ल्याचे धावणे. ते एकदम देऊ नये. प्राणायाम व श्वसनाचे व्यायाम स्वस्थ असताना चांगले. पण धाप लागलेल्या मुलास ते करावयास लावू नये आणि औषधाच्या जागी तर मुळीच योजू नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मुलास स्वतः थांबण्याची मुभा असावी. हात वर केला की थांबावयाचे, आणि त्याबद्दल कोणी हसावयाचे नाही, हे वर्गाला पहिल्याच दिवशी सांगावे. ज्या मुलास थांबता येते त्यालाच पुन्हा खेळावयास येण्याचा धीर होतो.

६. मैदान, हवा आणि ऋतू

मैदानावर खेळापूर्वी पाणी शिंपडावे. झाडलोट खेळाच्या तासापूर्वी लगेच करू नये आणि दम्याच्या मुलास केर काढणे, फळा झटकणे ही कामे देऊ नयेत. शाळेच्या आवारात पालापाचोळा जाळू नये. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटून काढावे. मात्र ते काम ह्या मुलांकडून करवून घेऊ नये. मळणीच्या दिवसांत भुसा उडत असेल किंवा शिवारात उसाचे पाचट पेटले असेल तर त्या दिवशी खेळ खोलीत किंवा वाऱ्याच्या उलट बाजूस घ्यावे. पावसाळ्यात ओलसर भिंतींवर बुरशी धरते. अशा खोलीत व्यायाम घेऊ नये.

हिवाळ्याकडे विशेष लक्ष हवे, कारण क्रीडास्पर्धा बहुधा ह्याच दिवसांत येतात. पहाटेच्या बोचऱ्या हवेत सराव न घेता ऊन वर आल्यावर घ्यावा. स्पर्धेस सकाळी जावेच लागले तर नाकातोंडावर रुमाल बांधून, भरपूर वेळ शरीर तापवून मूल मैदानात उतरवावे. आदल्या रात्री खोकला झाला असेल, सर्दी झाली असेल किंवा छाती वाजत असेल तर त्या दिवशी खेळवू नये. मग संघ अपुरा पडला तरी चालेल.

७. धाप लागल्यास काय करावे

शिक्षकाने प्रथम स्वतः शांत राहावे. मूल घाबरले की श्वास अधिक जलद होतो. पुढील क्रम पाठ असावा.

पहिले, मुलास ताठ, किंचित पुढे झुकवून बसवावे. निजवू नये. गर्दी दूर करावी, गळ्याजवळचे कपडे सैल करावे.

दुसरे, तात्काळ आराम देणारे औषध डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे द्यावे. ऑस्ट्रेलियात प्रथमोपचारासाठी शिकविली जाणारी साल्ब्युटामॉलची ‘चार-चार-चार’ ही रीत ध्यानात ठेवण्यास सोपी आहे. पंप हलवून स्पेसर नावाच्या नळकांड्यात एक फवारा सोडावा व मुलाने त्यातून चार श्वास घ्यावे. असे चार फवारे द्यावे. मग चार मिनिटे थांबावे. आराम नसेल तर पुन्हा चार फवारे द्यावे.

तिसरे, तरीही आराम नसेल तर १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. ती येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहावे. शाळेत पंप नसेल तर वेळ न दवडता रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने आरोग्य केंद्र गाठावे.

स्पेसर नसल्यास ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली उपयोगी पडते. तिच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे छिद्र पाडतात व बाटलीचे तोंड मुलाच्या तोंडात देतात. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी बंदिस्त बसविलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून ती एकदा तपासून घेऊन शाळेत तयार ठेवावी.

पुढील खुणा दिसल्यास मात्र चार मिनिटेही थांबू नये: मूल पूर्ण वाक्य बोलू शकत नाही, बसून असूनही पाच वर्षांवरील मुलाचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा अधिक वेळा चालतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, मूल सुस्त पडते. छातीतला आवाज बंद झाला पण मूल थकून मलूल झाले, तर ते बरे झाले असे समजू नये. हवाच आतबाहेर होत नसल्यामुळे आवाज थांबलेला असू शकतो. ही सर्वांत धोक्याची खूण होय. अशा वेळी औषध देणे आणि रुग्णवाहिका बोलविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी.

धाप लागलेल्या मुलास, किंवा नुकतीच धाप ओसरलेल्या मुलास, एकटे अथवा दुसऱ्या मुलाबरोबर घरी पाठवू नये. शाळा व वस्ती ह्यांच्यामधील वाटेवर मदतीस कोणी नसते. त्याला नजरेसमोर बसवावे व पालकांना शाळेत बोलवावे.

८. पालकांशी बोलताना

पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, मुलीच्या दम्याची वाच्यता झाली तर पुढे लग्न जमविताना अडचण येईल, अशा समजुती गावोगाव आहेत. त्यांची थट्टा करू नये. पंपाचे व्यसन लागत नाही. औषध थेट नलिकांत जात असल्यामुळे ते फार थोड्या मात्रेत पुरते, हे समजावून सांगावे. कोणी मृग नक्षत्रावर माशातून औषध घेऊन येतात. त्या श्रद्धेवर वाद न घालता, “डॉक्टरांचे रोजचे औषध मात्र थांबवू नका” एवढे आवर्जून सांगावे. घरात चुलीचा किंवा विडीचा धूर असेल तर मुलास त्यापासून दूर झोपविण्यास सांगावे. आईबरोबर आजीशीही बोलावे, कारण पुष्कळ घरांत अखेरचा शब्द तिचा असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू असून त्याखाली शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. त्यातील ठरावीक ३० विकारांत श्वासनलिकांच्या अतिहळवेपणाचा समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी आपली यादी व वर्षभराची टिपणे डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि ते मूल त्या दिवशी गैरहजर राहणार नाही हे आदल्या दिवशी पालकांना कळवावे.

९. समारोप

वर सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांस खर्च नाही. एक यादी, चार प्रश्न, पंधरा मिनिटांची तयारी, शिंपडलेले मैदान, पिशवीतला पंप आणि भिंतीवर लावलेला धापेच्या वेळचा क्रम, एवढे प्रत्येक शाळेस करता येईल. येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुख्याध्यापकाने ही यादी तयार करून शिक्षकांच्या बैठकीत वाचावी आणि धाप लागल्यास कोणी काय करावयाचे ह्याची एकदा रंगीत तालीम घ्यावी. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत मैदानाच्या कडेला कोण बसले आहे व का, हे आवर्जून विचारावे. चपला सांभाळण्याचे काम आळीपाळीने सर्व मुलांकडे यावे. ते कोणा एकाच मुलाचे होऊ नये.